‘सांडलं’ म्हणणारी मुलगी

बाई, मुलाशी बोलायचं तर आधी जमिनीवर बसायचं, हे मला तुम्ही शिकवलंत. मॅट्रिक नापास झालेली अठरा वर्षांची मुलगी मी. शिरूरच्या मिशनच्या आवारात तुम्ही बालवाडी चालवत होता, तिथं मला मदतीला ठेवून घेतलंत. पहिल्याच दिवशी मी एका रडक्या पोराला उभ्यानंच दटावलं, तर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, “खाली बस. तुझ्या गुडघ्यांशी काय बोलणार ते?” राग आला होता मला. पण बसले, आणि पुढची तीन वर्षं तुमच्याजवळच बसून शिकले. वाळूच्या परातीत बोट फिरवणारं मूल लिहायची तयारी करत असतं. चिंचोके आणि सागरगोटे वेगळे करणारं मूल गणित करत असतं. आणि न बोलणारं मूल सगळ्यात जास्त ऐकत असतं. हे शेवटचं तर तुम्ही मला कितीदा सांगितलंत!

म्हणून ती आली तेव्हा मला भीती वाटली नाही. चार वर्षांची होती. आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाई. तिनं पोरीला दारात उभं केलं आणि म्हणाली, “बोलत न्हाई वो, बाई. समदी मुकी म्हणत्यात. पर तिला समजतं सगळं.” तुम्ही पोरीच्या डोक्यावर हात ठेवलात. “इथून आम्ही कुणालाच परत पाठवत नाही,” म्हणालात. मी शेजारीच होते.

पाच महिने मी तिच्याजवळ बसले. काही मागितलं नाही, बोल म्हणून टोकलं नाही. एके दिवशी पावडरीचं दूध वाटताना माझ्या हातून पेला कलंडला आणि पाठीमागून पदर ओढला गेला. “सांडलं,” ती म्हणाली. स्वच्छ. मी धावत तुमच्या खोलीत येतेय, धड सांगताही येत नाहीये, आणि तुम्ही चष्मा काढून डोळे पुसताय. बाई, ते रडणं खोटं नव्हतं. म्हणूनच पुढचं मला आजवर उलगडलेलं नाही.

महिनाभरानं पुण्याहून शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला येणार असं कळलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर बालवाडी उघडली तर ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही फळ्यावरच्या खडूच्या रेघा पुसत होता. मागं न बघताच म्हणालात, “मी निरोप पाठवला. तिला आता आणू नका म्हणून.”

“बाई, ती बोलायला लागलीय.”

“तुझ्याशी. साहेबांसमोर ती मुकीच बसेल. मान्यता गेली तर तीस मुलांनी कुठं जायचं?”

“मग तपासणी झाल्यावर बोलवूया.”

तुम्ही फळा पुसत राहिलात. साहेब आले, मुलांनी गाणी म्हटली, शेरा उत्तम मिळाला. तिला तुम्ही बोलावलं नाहीत.

दौंडला रेल्वेच्या वसाहतीत नवी बालवाडी निघाली होती. त्याच महिन्यात तिथं शिक्षिका म्हणून तुम्ही माझं नाव सुचवलंत. शिफारसपत्रात लिहिलं होतं, ‘ही मुलांना कधी सोडत नाही.’ निघायच्या आदल्या दिवशी तिची आई मला रस्त्यात भेटली. “ताई, काय चुकलं वो आमच्या पोरीचं?” मी म्हणाले, “काही नाही. सरकारचा नियम आहे. न बोलणाऱ्या मुलांना घेत नाहीत.” तिनं मान डोलावली. सरकारचं म्हटल्यावर तिनं काय बोलावं?

पाच-सहा वर्षांनी त्या मायलेकी मला दौंडच्या बाजारात दिसल्या. पोर भाजीवाल्याशी हुज्जत घालत होती, तोंडाला खळ नाही. माझे डोळे भरून आले. मी विचारलं, “कितवीत आहे?” आई म्हणाली, “साळंत कुठं घातली? तुम्हीच न्हाई का म्हणला, सरकारचा नियम हाय. मंग परत कुठं इचारलंच न्हाई.” पोरीनं मला ओळखलं नाही.

तिथंच सांगायला हवं होतं, की असा नियम कधीच नव्हता. मी तिला कोथिंबिरीची जुडी घेऊन दिली आणि निघून आले. त्यानंतर तुम्ही गेल्याचं कळलं तरी मी शिरूरला आले नाही. बाईंनी विश्वासघात केला, असं मी घरात सगळ्यांना सांगत आले, आणि ते खरंच आहे. तुम्ही तिच्या आईला शब्द दिला होतात.

पण त्या दिवशी रस्त्यात तिच्या आईशी खोटं बोलले ते तुमचं नाव राखायला, असं मी स्वतःला सांगत आले; ते मात्र खरं नाही. शिफारसपत्र माझ्या पिशवीत होतं, बाई. खरं सांगितलं तर तुम्ही ते परत मागाल, या भीतीनं बोलले.