बांधावरची हजेरी

मुंबई, ता. ३ फेब्रुवारी १९३६

ती. गोदूताईस दिनानाथचा शि. सा. न. वि. वि.

छापखान्याचं काम ठीक. संध्याकाळी आमच्या अभ्यासमंडळात समाजवादाचं वाचन चालतं. तू हसशील, पण ऐक. गेल्या साली सोनाबाईचा पांढरा कांदा व्यापाऱ्याने मातीमोलाने उचलला, कारण ती एकटी पडली. गावाने कांदा एकत्र करून सगळ्यांचा एकच भाव ठेवला, तर व्यापारी झक मारत नमेल. तसं मंडळ काढायचं आपल्या गावच्या भागोजीने मनावर घेतलंय. सुरुवात आपल्यापासून, म्हणून आबांच्या मागे माझ्या नावावर आलेला कांद्याचा पट्टा मंडळाला द्यायचा शब्द मी त्याला देऊन टाकला. तुझ्या कांद्याच्या माळेला बाजारात चार पैसे जास्त मिळतात, तेव्हा तू गावची भांडवलदारच! रागावू नकोस.

तब्येतीस जप, धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दिनानाथ

धामणखार, ता. ९ फेब्रुवारी

चि. दिनानाथ यास ताईचे अनेक आशीर्वाद.

भांडवलदारीण बाई खुशाल आहे. भांडवल म्हणशील तर एक विळा अन् दुखरी कंबर. पट्टा देऊन टाकलास म्हणे! अरे शहाण्या, सगळ्यांचं राज्य आणायला निघालास अन् घरातल्या एका माणसाला विचारायचं राहिलं होय?

सोनाबाईचं लिहिलंस ते मलाही खुपलं होतं. यंदा तिचा माल माझ्याच गाडीतून अलिबागेला नेणार आहे. मंडळ काढा, नको कोण म्हणतं? पण येईल तो आपल्या पायाने येऊ दे. बांध सगळ्यांचा, कारण खाडीचं पाणी कुणाचं शेत ते विचारून आत शिरत नाही. कांद्याची माळ मात्र मी गुंफते, एकही कांदा न गळणारी. बाजारात लोक गोदूची माळ म्हणून मागतात. कपाळ पांढरं करून माहेरी आले तेव्हा मला नावाने कुणी हाक मारत नव्हतं, रे. पट्टा गेला तर पुन्हा दुसऱ्याच्या चुलीपाशी हात पसरावा लागेल. त्याची भीती वाटते, तुझ्यापासून काय लपवू?

आणि ज्याच्या नावावर जमीन, त्याच्या घरचं एक माणूस दरसाल बांधावर चिखलाच्या पाट्या टाकायला जातं, हे विसरलास ना? चार वर्षं पंच दिनानाथ म्हणून पुकारतात, अन् पदर खोचून मी हजर म्हणते. सगळा गाव हसतो. तुझा समाजवाद माझ्या डोक्यावरच्या पाटीत आहे, बाबा. अमावास्येच्या उधाणाआधी, शुक्रवारी, पुन्हा पाळी आहे.

राग गिळलाय, माया तेवढीच आहे. उत्तर लिही.

गोदूताई

मुंबई, ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मंडळात वाचून दाखवणार होतो, पण लाज वाटली, खिशातच ठेवलं. एकट्यादुकट्याने व्यापाऱ्याशी भांडता येत नाही, हे माझं म्हणणं मी सोडत नाही. त्यावर चुलीपाशी बसून भांडू. पण तुला न विचारता तुझ्या कष्टाचा पट्टा वाटायला निघालो, ती निव्वळ दांडगाई झाली. चुकलो. भागोजीला तसं कळवलंय.

बुधवारच्या बोटीने रेवसला उतरतो. आधी अलिबागेला कचेरीत जाऊन पट्टा तुझ्या नावे लिहून देतो. मग मंडळात यायचं की नाही, ते तू ठरव. टाइप जुळवणाऱ्या हातांना पाटी झेपेल का, म्हणून हसायचं तेवढं हसून घे, पण लोभ असू दे.

शुक्रवारी बांधावर पंच गोदू म्हणून पुकारतील. तू घरी कंबर शेकत बस. हजर मी म्हणेन.

तुझा दिनानाथ