तिसऱ्या प्लगवरचं कुंकू

२१ सप्टें., रवि.
पावसाळाभर झाकून ठेवलेली गाडी आज सुरू केली. झाली सुरू, पण हिव भरल्यासारखी थरथरते. एकेका प्लगची टोपी काढून पाहिली. पहिली काढली तर इंजिन बंद पडायला आलं. दुसरीचंही तेच. तिसरी काढली, काही फरकच नाही. म्हणजे हाच मेलेला. थंड झाल्यावर पाना लावला. दोन प्लग सहज निघाले, तिसरा जागचा हलेना.

संध्याकाळी मेघाचा पुण्याहून फोन. दसऱ्याला येतेय, मलकापूरला उतरेल. मग परत तेच. "बाबा, विकून टाका ती गाडी आणि इकडे या राहायला. आई गेली, आता त्या घरात एकटे काय करता?" म्हटलं, त्याच गाडीने तुला घ्यायला येतो. हसली. "आलात, आणि राजूर घाट चढून मला बुलढाण्याला घरी नेलंत, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाहीतर माझ्यासोबत पुण्याला चलायचं. कबूल?"
कबूल म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

२२ सप्टें., सोम.
घटस्थापना. यंदा आपल्याकडे घट नाहीत, सुमनला जाऊन वर्ष व्हायचंय. शेजारून देवरावभाऊंच्या घरची आरती ऐकू आली. मी बॉनेटमध्ये डोकं घालून.

गंज सोडवायचं तेल टाकलं. टॉर्च मारून पाहिलं. प्लग ज्या खड्ड्यात बसतो त्याच्या तळाशी लाल चिखल, वाळून दगड झालेला. गंज इतका लाल नसतो. वायरच्या टोकाने खरवडला, बोटावर घेतला. वास घेतला.
कुंकू!

२३ सप्टें., मंगळ.
काल लिहिता लिहिता थांबलो. झोपही नीट नाही.

दर दसऱ्याला लोक टायरपुढे नारळ फोडतात. सुमन मात्र बॉनेट उघडायला लावायची. हळद-कुंकू थेट इंजिनाला, आणि नारळातलं पाणी वरून. पहिल्या वर्षीच म्हटलं होतं, अगं टायरपुढे फोड. तर म्हणे, "टायर लोकायले दिसते. राबते त इंजिन. पूजा त्याची करा लागते." कोर्टातल्या नोकरीत जन्मभर वकिलांचे युक्तिवाद ऐकले, असा एकही नव्हता. रबरी टोपी फाटलेली, पाणी बरोबर तिसऱ्या खड्ड्यात उतरत गेलं असणार. दरसाल.

आज दुपारी अंगणात मोठ्याने बोललो, "पाह्य सुमे, काय करून ठेवलंस!" खरोखर रागाने. मग उत्तराची वाट पाहिली. इतकी सवय.

२५ सप्टें., गुरु.
गॅरेजवाल्याला फोन. म्हणाला अख्खं हेड खोलावं लागेल, आणि दसऱ्याआधी हात रिकामा नाही. बरं.

दे. भाऊ लोखंडी पाइप घेऊन आले. एसटी चालवलेला माणूस, प्रत्येक गोष्टीला जोर हाच उपाय. "भाऊसाहेब, तुमी त त्या पान्याले गोंजारून राह्यले. हा पाइप दांड्यावर चढवतो, एक झटका देतो, निघत नाही म्हंजे काय?"
"तुटला तं?"
"तुटला त तुटला. नाही तरी बंदच हाये."
मी नाही म्हटलं. जरा जास्तच जोरात. पाइप उचलून गेले, चहासुद्धा घेतला नाही. आता दिवसभरात बोलायला जे एक माणूस होतं तेही फुगलं.

पुन्हा तेल. भिजू दे.

२७ सप्टें., शनि.
इंजिन कोमट करून पाना लावला. दाबत गेलो... कर्रर्र. केसभर सरकला! लगेच उलटा फिरवून परत कसला, थोडं तेल, परत सैल. पुढे-मागे, पुढे-मागे. घाई केली तर आटे जातील. सगळी सकाळ गेली, पाव फेरा सुटला असेल. फार आनंद झाला. सांगायला कोणी नाही म्हणून दे. भाऊंकडे गेलो. ते शेतावर गेलेले, तिथून परस्पर उंद्रीला मुलीकडे जाणार. परत आलो. खिचडी केली, जास्त झाली. नेहमीच जास्त होते.

२८ सप्टें., रवि.
निघाला.

आधी खड्डा साफ करणं भाग होतं, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये पडणार. लाल खपल्या खरवडल्या, सायकलच्या पंपाने हवा मारली. भसकन सगळं तोंडावर. चष्मा, मिशा, सदरा. मोरीत आरशात पाहिलं तर रंगपंचमी. हसलो, आणि मग रडलो. ती गेली तेव्हा इतका रडलो नव्हतो. तेव्हा लोक होते, चहापाणी पाहायचं होतं. तोंड लगेच धुवावंसं वाटलं नाही. तसाच ओसरीवर बसून राहिलो.

प्लग चिमणीच्या काजळीसारखा काळा, आट्यांमध्ये लाल भरलेलं. पुसला नाही. तिच्या पोळपाटाशेजारी ठेवलाय.

२९ सप्टें., सोम.
नवा प्लग बसवला. शेवटच्या फेऱ्याला हाताला सैल लागतो. आटे थोडे गेलेच. पण गाडी सुरू केली आणि काय सांगू, तिन्ही सिलिंडर एका सुरात! देऊळघाट गावापर्यंत जाऊन आलो. सपाटीला काही तक्रार नाही.

दे. भाऊ फाटकाशी. राग गेलेला. बॉनेटवर हात ठेवून ऐकलं. "आवाज ब्येस हाये. घाट उतरान. पण चढान काय, ते तुमचा देव जाने."

मेघाला फोन केला, मी येतोय म्हटलं. "काऊन असा हट्ट करता हो बाबा?" पुण्याला गेल्यापासून तिच्या तोंडून आपलं वऱ्हाडी 'काऊन' ऐकलं नव्हतं. बरं वाटलं.

३० सप्टें., मंगळ.
गाडी धुतली. पुढच्या सीटवर अजून सुमनची पाठीला घ्यायची उशी. काढली, परत ठेवली.

एक गोष्ट आज डोक्यात आली ती लिहून ठेवतो. पैज जिंकलो तर काय मिळणार? हेच घर, हीच खिचडी, हेच अंगण. मेघा पुन्हा कधी 'या' म्हणणार नाही. शब्दाची पक्की आहे, आईवर गेलीय. मग इतके दिवस मी कशासाठी खपत होतो? आणि गाडी घाटात बसली तर मला वाईट वाटेल की सुटल्यासारखं वाटेल? खरंच माहीत नाही.

१ ऑक्टो., बुध.
मलकापूर, स्टेशनबाहेर, गाडीत बसून लिहितोय. ट्रेन उशिरा आहे.

घाट उतरून आलो, हूं की चूं नाही. इथे बॉनेट उघडलं तर तिसऱ्या प्लगभोवती काळपट ओल. थोडी हवा सुटतेय. पान्याने कसला, बसला तितका बसला.

मागच्या सीटवर नारळ आणि कुंकवाची पुडी. वर्ष झालं नाही, पूजा करायची नसते, तरी घेतला. मेघा म्हणेल तिथे फोडू.

राजूर घाटात चढाला लागलो की सुमन दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरायची आणि इंजिनाला म्हणायची, "चाल माय, चाल." वरच्या वळणापर्यंत. मी चिडायचो, त्याने काय होतं म्हणून. येताना उतार होता, तरी मीच एकदा म्हणून पाहिलं. आपलाच आवाज, कसंतरी वाटलं.

घोषणा झाली. उशी मागे ठेवतो, मेघाला बसायला जागा हवी.
नको. कुठे ठेवायची ते मेघालाच विचारतो.