बारा हात वाट

१४ नोव्हेंबर १९८७
ऐकलं! धामणकर नाक्यावर चहा पीत होतो. शेजारच्या बाकड्यावर दोघे सरकारी मोजणीवाले. हळूच बोलत होते—पण नारपोलीत बारा वर्षं लूम चालवला मी. त्या खडखडाटात तुटलेला धागा कानाने ओळखायचो. "लाईन खाडीच्या अलीकडून. केसरीनाथच्या शेताला घासून." नवा हायवे!

१५ नोव्हेंबर
दिवसभर तेच डोक्यात. जमीन जागची हलत नाही. गवत तेच, बगळे तेच. कुणीतरी कागदावर पेन्सिल ओढतो आणि भाव बदलतो! दुपारी डोळा लागला. भातखाचरांवरून ट्रक चालले होते—होड्या चालाव्यात तसे, आवाज न करता.

२ डिसेंबर
केसरीनाथचा तुकडा घेतला. गवताच्या भावात. इतक्या सहज देईल वाटलं नव्हतं. मागे सात शेतं, एकामागे एक, खाडीपर्यंत. शेवटचं जानकीबाईचं. हायवेला लागायचं तर सगळ्यांना माझ्यातूनच यावं लागेल. वाट अडवली की मागे नुसतं गवत. मग मी म्हणेन त्या भावाला देतील!

९ जानेवारी १९८८
जानकीबाईकडे गेलो होतो. भिवंडीत नवा होतो तेव्हा हिच्याच ओटीवर जेवायचो. बोंबलाचं कालवण वाढता वाढता म्हणाली, "रस्ता येनार हाय का रं? तुजं कान लांब."
"काही ऐकलं नाही."
ताट अर्धं टाकून उठलो.

३ मे
खाजणाचा बांध घालायचा दिवस. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून दरवर्षी घरटी एक माणूस. केसरीनाथची पाळी आता माझी. गडी धाडणार होतो, तर जानकीबाईचा निरोप—"मालक सोता येल." गेलो. गुडघाभर चिखल. ढेकळं हातोहात येत होती. कुणाच्या शेतापुढचा बांध कोण लिंपतोय, कुणी बघत नव्हतं. बरं वाटलं.

हायवेची बातमी आता गावभर झालीय. भाकरी सोडल्यावर जानकीबाई बोलली. "सरकार घेतं तवा एकाची सगली जमीन जाते, शेजारचा राजा व्हतो. आपुन बांधासारखं करू. जो तो कडंनं बारा हात सोडील. खाडीपासून हायवेपातूर वाट. भाव सगल्यांचाच वाढंल."
मागच्या शेतातला तुळशीराम हसला. "आनि तोंडाशी ह्यो शेठ बसलाय, त्याचा काय?"
सगळे माझ्याकडे. मी हात धूत राहिलो.

११ मे
माझ्या सुताच्या दुकानात बसल्या बसल्या ती वाट दिसते. पांढरी, लूमवरच्या ताण्याच्या सुतासारखी सरळ. खाडीकडून कुणीतरी चालत येतंय. माझ्या कुंपणापाशी येऊन थांबतं.

१९ मे
बारा हात सोडले. पहिला खुंट मीच ठोकला. वेडेपणा! तरी दिवसभर शीळ घालतोय.

६ ऑक्टोबर १९९१
जानकीबाईच्या शेतापर्यंत आज पहिला ट्रक गेला. राहवेना, तिच्याजवळ कबूल केलं—"तेव्हा खोटं बोललो. नाक्यावर ऐकलं होतं."
"म्हायती हाय. मोजनीवाले तुज्या आदी माज्या वटीवर पानी प्याले. केसरीनाथला इकायचंच व्हतं, मुंबईचे ब्यापारी टपलेले. मीच त्याला म्हनलं, ह्याला दे. ह्यो हितं जेवलाय."