तारखेपुरती जागा

२ मार्च
आजपासून मी मुद्रक.
सासऱ्यांचा छापखाना चार वर्षं बंद आहे. पायाने चालवायचं एक ट्रेडल छपाईयंत्र, एक दगडी टेबल, शिशाच्या खिळ्यांची म्हणजे सुट्या अक्षरांची एक खणांची केस आणि पोस्टरसाठी लाकडी अक्षरांची एक पेटी. बाकीचं शिसं मेहुण्याने कधीच विकून टाकलं. आता त्याला त्या गाळ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकायचंय. मी मध्ये पडलो. म्हटलं, नाना, ही कला मरता कामा नये. सासरे म्हणाले, जावईबापू, शंभर कार्डं छापून दाखवा. मजकूर कुठलाही, पण स्वच्छ आणि एकसारखी. ३१ तारखेपर्यंत जमलं तर किल्ली तुमची, नाहीतर भंगारवाला बोलावतो.
शंभर कार्डं! एका दुपारचं काम. घरी सांगितलं. ही म्हणाली, आधी पलंगाखालचं गिटार काढा, झाडू जात नाही. गिटारचा इथे संबंध नव्हता.

३ मार्च
एप्रन शिवायला टाकला. योग्य पोशाख म्हणजे निम्मं काम. म्हणजे निम्मं झालंच.

५ मार्च
केसचा अभ्यास. भयंकर गोंधळ. ‘क’च्या शेजारी ‘ख’ नाही. सासऱ्यांचं म्हणणं, जास्त लागणारी अक्षरं हाताशी, कमी लागणारी कोपऱ्यात, पन्नास वर्षं असंच चाललंय. चालत असेल. पण ऑफिसात सत्तावीस वर्षं फाइली मी लावल्या आहेत. ऑफिसने मला मुदतीआधी मोकळं केलं, त्याचं कारण फायलिंग नव्हतं. सगळे खण वर्णमालेप्रमाणे लावून सासऱ्यांना सरप्राइज द्यायचं ठरवलं.

८ मार्च, दुपार
‘ट’पर्यंत आलो. मग केस पडली. मी पाडली नाही, पडली. खिळे इतक्या लांब जातात याची कल्पना नव्हती. काही ट्रेडलखाली गेले, काही भिंतीच्या फटीत.
नेमके तेव्हाच सासरे आले. जमिनीकडे बघितलं, स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं. एक अक्षर बोलले नाहीत. मूकसंमती समजायला हरकत नाही.

९ मार्च
सासरे हॉस्पिटलमध्ये. छातीत दुखतंय. ही माझ्याशी बोलत नाही. मी डॉक्टरांना विचारलं, ॲसिडिटी असेल का, सकाळी तळलेलं खाल्लं होतं म्हणे. डॉक्टरांनी मला बाहेर थांबायला सांगितलं.

११ मार्च
प्रकृती गंभीर. मेहुणा कॉरिडॉरमध्ये रडत होता. मलाही भरून आलं, खरंच आलं. पण घरात एकाने तरी पुढचा विचार करायला हवा. उद्या काही बरंवाईट झालं, तर हा मेहुणा कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे जाऊन गुलाबी फुलांचं कार्ड छापून आणणार. ज्या माणसाने अख्ख्या गावाची कार्डं छापली, त्याचं शेवटचं कार्ड त्याच्याच छापखान्यात छापलं जाऊ नये?
ठरलं. श्रद्धांजलीचं कार्ड मी जुळवणार. आधीच. शिवाय शंभर कार्डंही होऊन जातील. हा दुसरा मुद्दा केवळ नोंद म्हणून लिहिला आहे.

१३ मार्च
जुळवणी सुरू. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी असतात. दोन ओळी झाल्या, पाठ धरली.
अडचण: ‘ळ’ एकही सापडत नाही. सगळे ट्रेडलखाली. त्यामुळे सासऱ्यांना ‘प्रेमळ’ म्हणता येत नाही. ‘कनवाळू’ही नाही, ‘मनमिळाऊ’ही नाही. ‘कडक’ लिहिलं. क भरपूर आहेत.

१६ मार्च
मजकूर पूर्ण! लांबला थोडा, पण माणूसही मोठा. ‘कडक, कर्तबगार, काटकसरी’ इथून सुरुवात. वर लाकडी अक्षरांत ‘श्रद्धांजली’ घालणार होतो, पण पेटीतला ‘श्र’ उभा चिरलेला निघाला, म्हणून ‘आदरांजली’. त्याच्याखाली त्याच मापात ‘शोकाकुल जावई’. मेहुणा आणि ही बारीक टाइपात, शिशाचे खिळे संपत आले होते. केसमध्ये आता झाडून बघितलं तरी दहा-वीस खिळे निघतील. सगळा मजकूर लोखंडी चौकटीत घट्ट आवळून दगडावर ठेवला. तारखेपुरती जागा मोकळी सोडली आहे. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.
संध्याकाळी ही हॉस्पिटलला जाता जाता डोकावली. चौकटीजवळ उभी राहिली. मी निर्धास्त. उलट्या अक्षरांतलं कोणाला काय वाचता येणार? ती बराच वेळ बघत राहिली, डोळे पुसले आणि काही न बोलता निघून गेली. कलेपुढे भलेभले निःशब्द होतात.

१९ मार्च
चमत्कार! सासरे उठून बसले. पेज प्यायले, नर्सवर ओरडले. डॉक्टर म्हणतात, सोळा तारखेच्या संध्याकाळपासून एकदम फरक पडला, कशाने ते सांगता येत नाही. मला मनापासून आनंद झाला. बाहेर बाकावर बसून थोडा रडलोसुद्धा, कोणी बघितलं नाही.
आता अर्थात तो मजकूर मोडायला हवा. एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात. उद्याच.

२१ मार्च
उद्या.

२३ मार्च
छापखान्यात गेलो. मोडायचं म्हणजे जुळवण्याइतकाच वेळ, आणि हाताला काहीच लागत नाही. कलाकाराने घडवावं, मोडू नये. चौकटीवर चादर टाकली. झाकली मूठ.

२६ मार्च
सासरे घरी आले. पाणी मागायच्या आधी कार्डांचं विचारलं. मी म्हटलं, नाना, जवळजवळ तयार. म्हणाले, तीस तारखेला स्वतः येतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे.
संकल्प: उद्या सकाळी मजकूर मोडणे, दुपारी ‘स्वागत’ असं छोटंसं कार्ड जुळवणे, संध्याकाळी शंभर प्रती. दमछाक होईल, पण होईल.

२८ मार्च
मोडायला बसलो, तर मूलभूत प्रश्न उभा राहिला. खिळे परत टाकायचे कुठे? सासऱ्यांच्या जुन्या जागी की माझ्या वर्णमालेप्रमाणे? पाया चुकला की सगळं चुकतं. तक्ता काढायला घेतला. रंगीत पेन्सिली आणल्या. तक्ता सुंदर होतोय.

३० मार्च
घडलं ते लिहितो.
सासरे सांगितल्या वेळेच्या तासभर आधीच आले. सोबत ही. मी म्हटलं, चादर धुळीसाठी आहे. त्यांनी चादर उचलली. मी शांत उभा होतो, उलट्या अक्षरांच्या भरवशावर. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ओळीवरून बोट फिरवत वाचू लागले. तिसऱ्या ओळीला मला आठवलं, की या माणसाने पन्नास वर्षं उलटंच वाचलंय. सुलट वाचायला त्यांना चष्मा लागतो.
मी पाण्याचं विचारलं. नको म्हणाले.
शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, ‘कडक’ बरोबर आहे. ‘काटकसरी’ही चालेल. पण मेलेल्यापेक्षा जावई मोठ्या टाइपात, हे कुठल्या छापखान्यात शिकवतात? एक ‘न’ उलटा लागला होता, तो चिमट्याने काढून सरळ बसवला. मी सांगायला लागलो, की नाना, हेतू शुद्ध होता. ते म्हणाले, माहीत आहे, पोरीने त्याच दिवशी सांगितलं.
मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, शाळेतून आल्यावर रोज याच टेबलावर बसून मी नानांना प्रूफं वाचून दाखवायचे, खिळ्यांवरूनच. तुम्ही कधी विचारलं नाहीत. त्या संध्याकाळी नाना डोळे उघडत नव्हते. काय बोलावं कळेना, म्हणून हे सगळं पाठ म्हणून दाखवलं.
सासरे म्हणाले, ‘कडक, कर्तबगार, काटकसरी’ कानावर आलं आणि डोळे उघडले. प्रूफ तपासल्याशिवाय माझ्या छापखान्यातून आजवर एक कागद बाहेर गेलेला नाही. हाच कसा जाईल?
मान खाली घालून उभा राहिलो. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाले, चौकट घट्ट बसली आहे, ओळी सरळ आहेत, पहिल्या कामाला वाईट नाही. छापखाना तुमचा. शंभर कार्डं नंतर छापा. फक्त हा मजकूर मोडू नका, उभाच ठेवा. लागणारच आहे. मोडलात तर किल्ली परत.

३१ मार्च
जिंकलो! मेहुण्याला किल्ली दाखवली. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.
दुपारी दारावर ‘काम सुरू आहे’ अशी पाटी लावायची म्हणून जुळवायला घेतलं. एकही ‘का’ नाही. नाही म्हणजे आहेत, चौकटीत आहेत. नवे खिळे कुठे मिळतात याची चौकशी केली. ओतणारे कारखाने कधीच बंद झाले म्हणे.

१६ एप्रिल
पहिलं गिऱ्हाईक! लोणच्याच्या बरण्यांसाठी साधी लेबलं हवी आहेत. मी म्हटलं, अक्षरं सध्या एका मोठ्या कामात अडकली आहेत. कधी मोकळी होतील, त्याने विचारलं. मी उत्तर देणार, तेवढ्यात सासरे आले. रोज येतात. चादर उचलतात, एकदा वाचतात, चादर टाकतात. आज सांगत होते, डॉक्टर म्हणाले, पुढची दहा वर्षं काळजी नको. सासरे गेल्यावर ही म्हणाली, ते काम देव करो आणि होईल तितकं उशिरा होवो. मीही हो म्हटलं. आणि मनापासून म्हटलं, हे मलाच नवल. गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलं.
संध्याकाळी पलंगाखालून गिटार काढलं. दोन तारा गंजल्या आहेत, त्या उद्या आणायच्या.
आजपासून मी वादक.