शेजारणीची कोंबडी

सान ब्लास, काहामार्का
१३ ऑगस्ट १९८४

ति. एदिल्बेर्तोदादास,
सा. न. वि. वि.

मी आणि बाळ सुखरूप आहोत. बाबांनी मात्र डोक्याला ताप करून ठेवलाय. बाळंतपणानंतर त्यांनी मला कोंबडीचा रस्सा करून घातला, मी वाटी चाटूनपुसून संपवली. ती कोंबडी शेजारच्या सेनोबियामावशीची निघाली! घरच्या कोंबड्या काय मेल्या होत्या, असं विचारलं तर म्हणतात, आपल्या कोंबड्या अंड्यावर आहेत.

गावात चोरीचा निवाडा गस्तवालेच करतात, त्यांनी सभा भरवून शिक्षा ठरवली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, भर बाजारात बाबांनी गळ्यात पिसांची माळ घालून चौकाला फेऱ्या मारायच्या आणि ‘मी कोंबडीचोर’ असं ओरडायचं. त्यांचा म्होरक्या रोसेन्दो तुझा शाळासोबती. येऊन दोन शब्द टाक ना. बाबांचे गुडघे धरलेत, आणि मला तर तोंड लपवायला जागा उरली नाही. लोभ असेल तर तो आत्ता दाखव.

तुझी,
क्लोरिंडा


लिमा
२० ऑगस्ट

चि. क्लोरिंडास,
अ. उ. आ.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. एका कोंबडीपायी म्हाताऱ्याने घराची अब्रू वेशीला टांगली! रोसेन्दोपुढे कोणत्या तोंडाने उभा राहू? बाबांना सांग, आजारी म्हणून अंथरूण धरा. बाळाच्या बाप्तिस्म्यालाही माझी वाट पाहू नका. लोकांच्या नजरा मला सोसणार नाहीत. बाळाला पापा. राग मानू नकोस.

तुझा,
एदिल्बेर्तो


सान ब्लास
२८ ऑगस्ट

ति. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांनी अंथरूण धरलं नाही. म्हणाले, चोरताना गुडघे दुखले नाहीत, मग आता कसे दुखतील?

पण चौकात त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मान खाली आणि पोरं खिदळतायत. मला बघवेना. बाळाला पाठीशी बांधून मी त्यांच्या शेजारी चालू लागले आणि ओरडले, यांनी चोरली, मी खाल्ली! रोसेन्दो खेकसला, तुला कोणी बोलावलंय, बाजूला हो. मी हलले नाही. तेवढ्यात सेनोबियामावशी तणतणत आली. बाळंतिणीसाठी मागितली असतीस तर दोन दिल्या असत्या रे मेल्या, म्हणत तिने ती माळच ओरबाडून काढली. तेव्हा कुठे बाबा रडले.

रोसेन्दोने बाबांना आणि मावशीला हात मिळवायला लावले आणि बजावलं, प्रकरण मिटलं. यापुढे जो उकरून काढील त्यालाच माळ. परवापासून मावशी बाळाला तेल लावायला येते. बाप्तिस्म्याला तीच धर्ममाता.

गावाने एका सकाळीत मिटवलं, दादा. तू बाबांना अजून किती फेऱ्या मारायला लावणार आहेस?

बाप्तिस्मा नऊ तारखेच्या रविवारी आहे. निघ.

तुझी,
क्लोरिंडा