तिकिटाचं गाव

बाबा, तुमच्या गाडीत बसलेली एक बाई माझ्या एक्स-रेच्या टेबलावर आली. हे तुम्हाला सांगायला मी इतकी वर्षं लावली, कारण कुठल्या आवाजात सांगायचं ते ठरत नव्हतं. अजूनही ठरलेलं नाही. म्हणून जसं घडलं तसं, त्याच क्रमानं लिहिते.

आधी तुमचा दिवस. मी चौथीत होते, उन्हाळ्याची सुट्टी होती आणि आपला जिल्हा तेव्हा परभणीच होता. सुट्टीत तुम्ही मला कधीकधी वसमत-हिंगोली गाडीवर सोबत न्यायचात, तुमच्या सीटवर खिडकीशी बसवायचात. तिकिटांची पेटी मांडीवर ठेवायला मिळाली की मला दुसरं काही नको असायचं. त्या दिवशी मधल्या एका फाट्यावर एक बाई चढली. गावाचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते माहीत आहे. पायात चप्पल नाही, कडेवर लेकरू, हातात पिशवीसुद्धा नाही. ती म्हणते, "हिंगोलीचं द्या." तुम्ही तिकिटं टोचायचा पंच दांडीवर टकटक वाजवता आणि विचारता, "हिंगोलीत कोण हाय तुमचं?" ती म्हणते, "कुणी न्हाई." "मग?" "तिथं कुणी ऐकणारं आसंल." मागून एक म्हातारा हसतो. "रुसून निघाल्या जणू. कंडक्टर, माघारी घाला, न्हाईतर पोलिसात तुमचंच नाव यायचं!"

तुम्ही घंटीची दोरी ओढलीत. गाडी थांबली. तुम्ही तिला रागावला नाहीत, हे मला नीट आठवतं. मला आवडायचा तोच आवाज होता, समजुतीचा. "बाई, गाडी सुटली तर दुसरी येती. घर सुटलं तर दुसरं येत न्हाई. चला, मी येतो संगं." लेकरू रडायला लागलं होतं, तुम्ही मला खूण केलीत आणि मी माझ्याजवळचं बिस्कीट त्याला दिलं. मग तुम्ही तिला घेऊन उन्हात गावाकडे चालत गेलात, आणि भरलेली गाडी तुमची वाट पाहत फाट्यावर उभी राहिली. कुणी कुरकुर केली नाही. तुम्ही परत आलात तेव्हा त्या म्हाताऱ्यानं तुम्हाला हात जोडले. "पुण्याचं काम केलं बघा." मी तुमच्याकडे पाहत होते. त्या दिवशी मला तुमच्याइतका उंच माणूस दुसरा दिसत नव्हता.

घरी तुम्ही जेवताना सगळं सांगितलंत. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिच्या सासरच्या ज्या ओसरीसमोर आजोबा चपला हातात घेऊन उभे राहायचे, त्याच ओसरीवर तुम्हाला खुर्ची दिली, कपबशीतून चहा दिला, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. सासू त्या बाईला काय म्हणाली तेही तुम्ही नक्कल करून दाखवलंत, "आल्या का राणीसाहेब फिरून?" आणि आपण हसलो. आई हसली नाही. तव्यावरची भाकरी उलटत तिनं एवढंच विचारलं, "आन् त्या बाईला कुणी पाणी तरी इचारलं का?" तुम्ही म्हणालात, "तिच्याच घरात तिला पाणी काहून इचारतील?" विषय संपला. पुढे अशा आणखी काही जणी तुम्ही घरी पोहोचवल्यात. गावागावांतून लोक तुम्हाला नमस्कार करायचे. तुम्ही गेलात तेव्हा त्या गावांतून माणसं आली होती, आणि प्रत्येकजण हेच सांगत होता की कंडक्टरनं घरं मोडू दिली नाहीत.

मी तेव्हा नांदेडला एक्स-रे तंत्रज्ञाचा कोर्स करत होते. नंतर वसमतला सरकारी दवाखान्यात लागले. माझं काम फोटो काढणं, तो वाचणं डॉक्टरांचं. पण रोज हाडं पाहिली की डोळा तयार होतोच. पडणारा माणूस तळहात टेकतो, त्यामुळे त्याचं मनगट मोडतं. मार चुकवणारा माणूस हात डोक्यावर आडवा धरतो, तेव्हा कोपर-मनगटामधलं करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडतं. हिंगोलीत बायकांसाठी दोन खोल्यांचं समुपदेशन केंद्र सुरू झालं होतं. तिथल्या ताई एकदा दवाखान्यात येऊन आम्हाला सांगून गेल्या, की पडले म्हणणाऱ्या बाईला एकटीला गाठून विचारा, आणि ती हो म्हणाली तर आमच्याकडे पोहोचवा, पुढचं आम्ही बघतो. घरातल्या मारहाणीविरुद्ध नवा कायदा आला होता, वकील फुकट मिळत होता, राहायची सोय होत होती. मी मान हलवली होती. ते काम माझं नव्हतं.

ती आली तेव्हा हळद शिजवण्याचे दिवस होते. तिचे तळहात पिवळे होते आणि डावा हात तिनं ओढणीच्या तुकड्यानं गळ्यात बांधला होता. कागदावर लिहिलं होतं, माळवदावरून पडली. मी तिचा हात टेबलावर सरळ केला, हलू नका म्हणाले. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "तुमी कंडक्टरसायबाची पोरगी न्हाई का? तीच हनुवटी." मी हो म्हणाले. तिचा चेहरा उजळला, बाबा. खरोखर उजळला. "देवमाणूस. मला वाटंत सोडलं न्हाई त्यांनी, घरापोतर आणून घातलं. तुमीच तर लेकराला बिस्कीट दिलं होतं." आणि मग, त्याच आवाजात, पिकाचं सांगावं तसं, "त्याच राती पहिल्यांदा हात मोडला माझा. ह्योच."

मी बटण दाबलं. माझा हात यंत्रावर होता आणि काम होत होतं. "डॉक्टरांना दाखवलं होतं का?" मी विचारलं. "कशाला? हळदीचा लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या. आता काय, सवय झाली."

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली मी फिल्म द्रावणात बुडवली. हाड हळूहळू उमटतं, आधी कडा, मग आतलं. करंगळीच्या बाजूला, मधोमध, ताजी मोड. तिच्या खाली जुनी, वाकडी जुळलेली. वर आणखी एक, त्या दोघींच्या मधल्या काळातली. मी फिल्म क्लिपला धरून उभी राहिले. धक्का बसला असं लोक म्हणतात, तेव्हा काहीतरी हलत असेल. माझं काहीच हललं नाही. फिल्मवरून पाणी ठिबकत होतं आणि मला फक्त टकटक ऐकू येत होती, पंचाची, दांडीवर. तुम्ही तिला त्या ओसरीवर सोडलंत, चहा प्यायलात, गाडीत आलात, घंटी दिलीत. आणि रात्री हे.

प्लास्टर झाल्यावर मी तिला बाजूला घेतलं. "पडला नाहीत तुम्ही." तिनं प्लास्टरवर पदर ओढला. मी केंद्राचं सांगितलं. ती म्हणाली, "पोरगी उजवली. आता घरी माझी वाट बघणारं कोण हाय, मारणाराच." मग पिवळ्या बोटांकडे पाहून, "पर हिंगोलीपोतर जाऊ कशी? गाडी गावावरूनच जाती." मी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि तिच्याबरोबर निघाले.

गाडी तुमचीच, मार्ग तोच, कंडक्टर तरुण. त्यानं दोघींकडे पाहिलं. मी दोन हिंगोली मागितली. त्यानं तिकिटं दिली, पण त्या फाट्यावर त्यानं स्वतःच घंटी दिली. "वहिनी, गाव आलं, उतरा." ती अर्धवट उठली. इतक्या वर्षांची सवय, सांगितलं की उठायचं. मी म्हणाले, "त्यांचं तिकीट हिंगोलीचं आहे." तो खाली वाकला, हळू बोलला. "मॅडम, ह्यांचा मालक वळखतो मला. उद्या इचारंल, बाईल कुठं सोडली म्हणून. लोकाच्या घरच्या भानगडीत तुमी काहून पडून राहिल्या?" मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाला, "तुमी तर आपल्या जुन्या कंडक्टरसायबाची पोरगी, दवाखान्यातल्या. मग तुमाला काय सांगायचं! त्यांनी अशा कितीक जणी घरी नेऊन घातल्या. आमचे शिनियर अजून नाव काढतात."

गाडी उभी होती. ती अर्धी उभी, प्लास्टरचा हात सीटच्या दांडीवर. मागून कुणीतरी म्हणालं, "उतरा की वो, उशीर होऊन राहिला." आणि मी म्हणाले, "शेवटी ते वेगळं सांगायचे. आजारपणात मला म्हणाले होते, बाई चढली की तिला तिकिटाचं गाव विचारायचं, घर विचारायचं नाही."

त्यानं विचारलं, "आसं म्हणाले?" "असंच." त्यानं टोपी मागे सरकवली, दोरीला हात घातला आणि दोनदा ओढली. गाडी निघाली. ती खाली बसली. खिडकीतून तिनं गावाकडे पाहिलं नाही, मी पाहिलं. हिंगोलीला ताईंनी तिला पहिल्यांदा पाणी दिलं, मग नाव विचारलं. मला आईची आठवण झाली. ती बाई परत गेली नाही. आता केंद्राच्या ओळखीनं एका वसतिगृहात स्वयंपाक करते. कोर्टात तारखा पडतात.

पुढे दुसऱ्या एका गाडीवर, दुसऱ्या कंडक्टरनं मला ते वाक्य ऐकवलं, तुमचं म्हणून. या मार्गावर ते आता तुमच्या नावानं चालतं. त्या फाट्यावरून चढलेल्या आणखी बायका ताईंकडे पोहोचल्या, हे ताई स्वतः सांगतात. मी कुणालाही दुरुस्त केलं नाही.

हे पत्र आईला दाखवणार नाही, कुठे ठेवणारही नाही. पण एवढं तुम्हाला सांगायला हवं. ते वाक्य तुम्ही कधी म्हणाला नव्हता. आजारपणात तुम्ही पाणी मागत होता, आणि रजा कधी संपते ते विचारत होता. मी ते त्या बाईसाठी बोलले असं सगळ्यांना वाटतं, तिलाही. तो पोरगा तुमचं जुनं काम कौतुकानं सांगत होता, तिच्या प्लास्टरसमोर, आणि मला ते ऐकवेना. मी तुम्हाला वाचवत होते. ती वाचली, कारण ती त्याच गाडीत होती.