हिंमतरावांच्या पऱ्हाटीतली शाळा

टपाल वडनेर भोलजी,
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थस्वरूप शेषरावमामांच्या चरणी भाचा तुळशीराम याचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सर्वांची प्रकृती ठीक, तेवढी माझ्या शाळेची बिघडली आहे.

कापूस फुटला की माझा वर्ग ओस पडतो, हे आपण जाणताच. नवी जिल्हा परिषद झाल्यापासून आम्हा मास्तरांची शिबिरे भरतात. यंदाच्या शिबिरात एक साहेब म्हणाले, मुले शाळेत रमत नसतील तर शाळा मुलांकडे न्या. (साहेबांनी वर्गात पाऊल टाकल्याला युगे लोटली असावीत.) मला मूर्खाला ते पटले. हिंमतराव पाटलांनी वेचणीच्या आरंभी सीतादहीला बोलावले होते. कापसाच्या पऱ्हाटीची पूजा झाली आणि दहीभात खाता खाता मी शब्द देऊन बसलो, की चौथीचा वर्ग तुमच्याच वावरात भरवतो. पोरे कापूस वेचतील आणि पाढे म्हणतील.

पहिल्याच दिवशी झाडून सगळी हजर! वर्गात तोंडाला कुलूप लावून बसणारी पोरे पावकी-निमकी गर्जत होती. खोटे कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. तेवढ्यात आशा नावाच्या मुलीने विचारले, पावकी म्हणजे नेमके काय? माझ्या नोकरीत आपणहून कोणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी एका बोंडातल्या कापसाचे चार वाटे करून दाखवू लागलो, पोरे भोवती गोळा झाली, आणि बांधावरून हिंमतराव ओरडले, "गुरुजी, समजावून नोका सांगू! पोराइचे हात थांबते!"

तेव्हापासून समजावणे बंद, पाढे चालू. तपासणीला आलेल्या साहेबांनी "विद्यार्थ्यांचा सहभाग अनुकरणीय" असा शेरा दिला. आता जो तो मला सीतादहीला बोलावतो. (दहीभाताने सर्दी झाली, ती वेगळीच.) आशा रोज येते, मुकाट्याने वेचते. मामा, फार संताप होतो, पण तो काढायला माझ्याखेरीज कोणी सापडत नाही.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला,
तुळशीराम

ता. क. माझा इंद्रभान हायस्कुलापेक्षा आपल्या वावरात जास्त रमतो आणि त्याचा हात गड्यांहून भरभर चालतो, असे आपण कौतुकाने लिहिलेत. त्याची आई खूश झाली. मी झालो नाही. जळगाव जामोदला आपल्या घरी त्याला शिकायला ठेवले आहे. हात जोडतो, उद्यापासून त्याला शाळेत धाडावे.

पुन्हा ता. क. त्याच्यावाचून आपली वेचणी अडत असेल तर कळवावे. माझा वर्ग घेऊन येतो. पोरांना सवय झाली आहे, आणि हल्ली ती काही विचारत नाहीत.